राउटरला नेसवलेलं लुगडं

"ताई, हा डबा मी आता खिडकीतून बाहेर फेकणार," मी म्हणाले.

"फेक की. पण आधी त्याच्याबरोबर आलेलं पुस्तक मला वाचून दाखव," शालनताई म्हणाल्या. त्या टेबलाखाली शिरून वायरी हुडकत होत्या आणि बाहेर नुसता त्यांचा पदर दिसत होता.

डबा म्हणजे राउटर. माझ्या नवऱ्यानं दसऱ्याला हौसेनं आणलेला, आणि आमच्या केबलवाल्या बाळूनं "आमच्या मोडेमला असलं बाहेरचं काही चालत नाही, वैनी" असं म्हणून एका वाक्यात निकालात काढल्यापासून माळ्यावर धूळ खात पडलेला. शालनताई म्हणजे माझी थोरली जाऊ. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मिरजेच्या त्या घरात सगळ्यांत नवी मीच होते आणि सगळ्यांत जास्त तोंडही माझंच चालायचं.

आतल्या खोलीतून हाक आली, "झालं का गं?"

ते आमचे सासरे, बापू. एसटी डेपोत कंट्रोलर होते. सारी नोकरी गाड्यांची नावं पुकारण्यात गेल्यामुळं त्यांनी घरात चहा मागितला की शेजारची बाईसुद्धा आधण ठेवायची. दिवाळीच्या तोंडावर ते न्हाणीघरात घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. हृदय नाजूक म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन टाळलं, पायाला वजन बांधून ते पलंगावरून खाली सोडलं आणि बजावून ठेवलं की पलंग हलवायचा नाही आणि माणूस तर नाहीच नाही.

"होतंय, बापू!" टेबलाखालून ताई ओरडल्या.

"पाचला जातोय तिथला डॉक्टर!"

"माहीत आहे, बापू!"

झालं होतं असं की सकाळी विश्वासभाऊजींचा, म्हणजे शालनताईंच्या नवऱ्याचा, सोलापूरहून फोन आला. भाऊजी आक्काच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिकडं गेले होते. आक्का ही बापूंची थोरली बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. शाळेत तिला कुणी घातलंच नाही. मग लहानपणी या बहीणभावांनी आपली आपण हातांची एक भाषा तयार केली. हनुवटीला बोट लावलं की बापू, कारण तिथं त्यांना तीळ होता. बाकीच्या घराला त्यातल्या जेवण, पाणी, झोप अशा चार खुणा यायच्या. पण ही दोघं त्या भाषेत भांडायची, चहाड्या करायची, देवधर्माच्या गप्पा मारायची. माझ्या लग्नात मी पाहिलं होतं, हा एवढा खणखणीत आवाजाचा माणूस मांडवाच्या कोपऱ्यात बहिणीसमोर पाट टाकून बसला होता, तोंडातून एक शब्द न काढता सारखा बोलत होता, आणि दोघं हसून हसून लाल झाली होती. ते माझ्या माहेरच्यांबद्दलच चाललं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

आक्काचा एक डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता. दुसरा त्याच वाटेवर होता. लगेच ऑपरेशन केलं तर तो वाचण्याची आशा होती. आणि आक्काचा डोळा म्हणजे नुसता डोळा नव्हे. तोच तिचा कान आणि तोच तिचा फोन. तो गेला असता तर तिच्याशी जगातलं कुणीच काही बोलू शकलं नसतं, बापूसुद्धा नाही.

आणि आक्का ऑपरेशनला तयार नव्हती.

"पलंगावर पाठ फिरवून बसलीय," भाऊजी फोनवर सांगत होते. "समजवायला गेलं की डोळे मिटून घेती. डोळेच मिटले की तिला सांगायचं कसं? हे डॉक्टर बाहेरगावाहून येतात, पाचला निघणार. पुन्हा येणार पुढच्या महिन्यात. तवर राहत नाही म्हणतात डोळा."

हे ऐकून बापूंनी उशीवरून मान उचलली. मग म्हणाले, "मला दाखवा तिला. माझं ऐकल ती."

आता यात एक गोम होती. आक्काला बापूंच्या पायाचं काहीच माहीत नव्हतं. तो बापूंचाच हुकूम होता. "एक डोळा गेलाय तिचा. माझ्यापायी रडून दुसरा घालवील." म्हणून या वर्षी भाऊबीजेला बापूंच्या वतीनं भाऊजीच साडी घेऊन सोलापूरला गेले आणि बापूंना काम आहे म्हणून खुणेनं सांगून आले. आजही बापूंची अट होती की कॅमेरा छातीच्या वरच ठेवायचा.

तिकडं आक्काच्या पुतण्याचा लॅपटॉप होता, दवाखान्यात नेट होतं. अडचण आमच्याकडं होती. केबलची काळी वायर रस्त्याकडच्या भिंतीतून बाहेरच्या खोलीत यायची आणि तिथंच मोडेममध्ये संपायची. मोडेमातून एक वायर निघून संगणकात जायची. एक मोडेम, एक वायर, एक संगणक, आणि त्या संगणकाला कॅमेरा नाही. कॅमेरा माझ्या लॅपटॉपला होता, पण त्याचं वायर लावायचं भोक मोडलेलं. त्या काळी आमच्या मोबाइलवर एक फोटो यायचा तर तेवढ्यात भात शिजायचा. म्हणजे नेट बिनवायरीनं आतल्या खोलीपर्यंत नेता आलं तरच बापू आक्काला दिसणार होते. म्हणून शालनताईंनी कुणालाही न विचारता शिडी लावली आणि माळ्यावरून राउटर काढला.

मी जोडणीची चित्रं बघून सांगितलं, त्यांनी वायरी लावल्या. मोडेमची वायर संगणकातून काढून राउटरच्या वेगळ्या रंगाच्या भोकात. दिवे लागले. लॅपटॉपवर राउटरचं नाव आलं, काड्या पुऱ्या भरल्या. मी टाळी वाजवली. पण एक पान उघडेल तर शपथ. लॅपटॉप बंद करून चालू केला, तेच. राउटर बंद करून चालू केला, तेच. बाळूला फोन लावला तर तो म्हणाला, "मी तेव्हाच सांगितलं होतं वैनी. उद्या येतो बघायला." उद्याचा आम्हाला काय उपयोग होता?

आणि तेव्हा मी तो डबा फेकायची भाषा केली.

शालनताई टेबलाखालून बाहेर आल्या. केसांना जळमट लागलेलं. त्यांनी मोडेमची वायर पुन्हा संगणकाला जोडली. पान लगेच उघडलं. काढून राउटरला जोडली. काही नाही.

"म्हणजे मोडेम चांगला आहे," त्या म्हणाल्या. "राउटरही चांगला आहे, लॅपटॉपपर्यंत येतोय की तो. दोघं आपापल्या जागी ठीक आहेत, पण एकमेकांशी जमत नाही."

"दोन जावांसारखं," मी म्हणाले.

त्या फसकन हसल्या. अशा वेळीही त्यांना हसू आलं याचंच मला नवल वाटलं.

"वाच," त्या म्हणाल्या. "जोडणीचं झालं. मागं काय लिहिलंय? चालत नसेल तर काय करायचं, ते कुठंतरी असणारच."

ते पुस्तक सगळं इंग्रजीत होतं. शालनताई बारावीपर्यंत शिकलेल्या, पण असलं इंग्रजी त्यांच्या वाटेला कधी गेलं नव्हतं. मी वाचायची आणि मराठीत सांगायची. खरं सांगायचं तर मला शब्द कळत होते आणि काम कळत नव्हतं. त्या मात्र मधेच थांबवायच्या, "हे पुन्हा वाच." कंटाळा नाही, चिडचिड नाही. आतून बापूंची हाक आली की तेवढ्याच प्रेमानं 'होतंय' म्हणायचं आणि परत माझ्या बोटाकडं बघायचं. मी जन्मभर अनेक हुशार माणसं पाहिली, पण घाईच्या वेळी अशी शांत राहणारी बाई दुसरी पाहिली नाही.

शेवटच्या पानांत एक परिच्छेद सापडला. मी वाचत गेले, "प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक नंबर मिळतो. काही केबल कंपन्या पहिल्यांदा जोडलेल्या संगणकाचा नंबर नोंदवून ठेवतात. दुसऱ्या नंबरचं यंत्र आलं की नेट देत नाहीत."

"थांब." त्यांनी माझा हात धरला. "बाळूनं नेट बसवलं तेव्हा हा संगणक होता."

"हो."

"म्हणजे मोडेम फक्त ह्यालाच ओळखतो. राउटरला परका समजतो." त्यांचे डोळे चमकायला लागले. "अगं, आमची म्हैस!"

"ताई, आता म्हैस कुठं आली?"

"आमच्या गावाकडं म्हैस होती. आईशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. एकदा आई चार दिवस आजोळी गेली. बाबा धार काढायला बसले की लाथ, चुलता बसला की लाथ. रेडकू ओरडतंय, म्हशीची कास तटतटलेली. मग आजीनं बाबांना आईचं लुगडं नेसवलं."

"बाबांना?"

"मिशांसकट! डोक्यावरनं पदर घेऊन बसले बिचारे, सगळी गल्ली बघायला आली. म्हशीनं वास घेतला आणि सोडला की गं पान्हा." त्या पुस्तकावर वाकल्या. "मला एवढंच बघून सांग, ह्या राउटरला संगणकाचं लुगडं नेसवायची सोय दिलीय का कुठं?"

मी पान उलटलं. सोय होती. संगणक वायरीनं राउटरला जोडायचा, राउटरचं पान उघडायचं आणि एका बटणावर टिचकी मारायची. मग संगणकाचा नंबर राउटर स्वतःला लावून घेतो आणि मोडेमला वाटतं, आपला जुनाच गडी आलाय. बटणाचं नाव होतं 'क्लोन'.

"क्लोन म्हणजे?"

"हुबेहूब नक्कल."

"मग हेच आपलं लुगडं. चल, नेसव."

पान उघडायला एक लांबलचक आकडा घालावा लागला, मग परवलीचा शब्द. घाईघाईत मी दोनदा चुकले. ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. टिचकी मारली. राउटरचे सगळे दिवे विझले. परत एकेक करून लागले. मी लॅपटॉपवर पान उघडलं आणि ते उघडलं.

"ताई! पान्हा सोडला!"

त्या उत्तर द्यायला थांबल्या नाहीत. लॅपटॉप काखोटीला मारून त्या आतल्या खोलीत पोचल्याही होत्या.

बापूंनी दाढी करून घेतली नव्हती, तरी हातानं केस सारखे केले. मी त्यांच्या पोटावर उशी ठेवली, उशीवर लॅपटॉप. कॅमेरा छातीच्या वर. भाऊजींना कॉल लागला. चित्र हललं, थांबलं, परत हललं, आणि आक्का दिसली. पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. भाऊजींनी लॅपटॉप फिरवून तिच्या पुढ्यात नेला. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"आक्का!" बापू ओरडले. सगळा डेपो गोळा झाला असता असे ओरडले. ती हलली नाही. कशी हलणार?

"आक्का! अगं उघड की डोळे!"

एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा बघवत नव्हता. बहीण समोर होती, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढं त्यांचे हात आणि त्यांचा आवाज दोन्ही फुकट होते.

शालनताई पुढं वाकल्या. "अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तिच्या हनुवटीला बोट लावा. तिच्या. तीळ असतो तिथं."

भाऊजींनी आक्काच्या हनुवटीला हलकेच बोट लावलं. तिनं झटकलं. "पुन्हा," ताई म्हणाल्या. भाऊजींनी पुन्हा लावलं आणि तिचा हात धरून लॅपटॉपवर ठेवला.

आक्कानं डोळे उघडले.

ती पुढं वाकली. मग तिनं चित्रातल्या बापूंच्या तोंडावरून बोट फिरवलं. आम्हाला तिचा प्रचंड मोठा अंगठा तेवढा दिसला. मग ती मागं सरकली आणि तिचे हात भराभर चालायला लागले. एक हात वर, छताकडं. मग दोन्ही हातांनी कसलं तरी ताट धरून गोल गोल ओवाळल्यासारखं. पुन्हा वर बोट. पुन्हा ओवाळणं. मग छातीवर मूठ.

बापूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

मला वाटलं कुणालाच सांगता येणार नाही. पण शालनताई हळू आवाजात म्हणाल्या, "चंद्राला ओवाळलं म्हणते."

तेव्हा मला कळलं की लग्न होऊन आल्यापासून ही बाई दर दिवाळीला त्या दोघांचे हात नुसते बघत नव्हती, शिकत होती.

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. आमच्याकडं सगळ्या बायकांना हे ठाऊक असतं. रिटायर झालेल्या माणसाला काम कसलं, एवढं आक्कालाही समजत होतं. भाऊ भाऊबीजेला आला नाही, भाच्याच्या हातून साडी आली, म्हणजे भाऊ गेला आणि ही पोरं आपल्यापासून लपवतायत, असं धरून ती त्या संध्याकाळी गच्चीवर गेली आणि तिनं चंद्राला ओवाळलं. आम्ही सगळे समजत होतो की ती ऑपरेशनला भितेय.

"आता काय म्हणते?"

"म्हणते, ह्याचे हात बघायला मिळणार नसतील तर डोळा ठेवून करू काय?"

बापूंनी तोंडावरचे हात काढले. "शालन, पाय दाखव तिला."

"बापू, तुम्हीच म्हणाला होता..."

"चुलीत घाल माझं म्हणणं. दाखव."

ताईंनी लॅपटॉप उचलून त्यांचा बांधलेला पाय दाखवला, दोरी दाखवली, खाली लोंबणारं वजन दाखवलं. परत समोर आणला तोवर आक्कानं कपाळाला हात मारून घेतला होता. मग तिनं जे काही सुरू केलं ते समजायला मला कुणाची गरज लागली नाही. थोरली बहीण धाकट्या भावाला झाडत होती. हात असे सपासप चालत होते की चित्राला पुरे पडत नव्हतं. बापू मधेच दोन बोटं उचलून काही सांगायला जायचे, ती थांबवायची आणि परत झाडायची. डोळ्यांतून पाणी, आणि दोघं लग्नात हसली होती तशी हसत होती.

शेवटी बापूंनी स्वतःच्या डोळ्याला बोट लावलं, मग तिच्याकडं केलं, आणि हात जोडले. आक्कानं पदरानं डोळे पुसले. मग तिनं खूण केली.

"पट्टी सोडतील तेव्हा पहिल्यांदा तू दिसला पाहिजेस," ताईंनी सांगितलं.

बापूंनी हनुवटीला बोट लावून मान डोलावली. तिकडं आक्का आपली आपण पलंगावरून उतरली. तिचा डोळा वाचला, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. पुढं त्या एका डोळ्यानं तिनं माझ्या लेकीची टोपडी शिवली आणि माझ्या हातच्या पुरणपोळ्यांकडं बघून नाकही मुरडलं.

पण त्या दुपारी न्यायला नर्स आली तरी ती लगेच गेली नाही. तिनं परत लॅपटॉपजवळ येऊन बापूंना विचारलं. हे मलाही कळलं. हात पुढं करून, भुवया उंचावून, 'तू माझ्यापर्यंत आलास कसा?' बापूंना राउटर खुणेनं सांगता येईना. त्यांनी नाद सोडला, ताईंचा दंड धरून त्यांना पुढं ओढलं आणि त्यांच्याकडं बोट दाखवलं.

ताई अवघडून गेल्या. केसांत अजून जळमट तसंच होतं. आक्कानं त्यांना नीट बघून घेतलं. मग तिनं दोन्ही हात कॅमेऱ्यापुढं आणले, ताईंच्या तोंडावरून उतरवल्यासारखे फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

तो आवाज आक्कानं जन्मात कधी ऐकला नव्हता. आमच्या आतल्या खोलीत तो लख्ख ऐकू आला. सकाळपासून एकदाही न डगमगलेल्या शालनताई तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडायला लागल्या.